ओला तळहात

मोहाचा वास आला की माझी सून नाक मुरडते आणि मी खिडकी लावून घेते. तिला तो वास आंबूस वाटतो. मला तो कसा वाटतो हे तिला मी कधी सांगितलेलं नाही. बालाघाटातल्या आमच्या घरापासून जंगल तसं लांब आहे. पण फाल्गुन सरत आला की पहाटेच्या वाऱ्यावर तो गोड, जड वास कुठून तरी येतोच, आणि त्याच्या मागोमाग धूर येतो. कुठेतरी कुणीतरी मोहाखालचा पाला जाळत असतं. "मम्मीजी, खिड़की लगा दूँ क्या?" असं सून विचारेपर्यंत माझा हात कडीवर गेलेला असतो.

लग्न होऊन मी तुमसरकडून लामत्याजवळच्या एका लहान गावात आले, त्याला दोन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी सातवी पास, म्हणजे आमच्या टोल्यातली, त्या लहानशा वस्तीतली, सगळ्यांत विद्वान सून. नवरा रेल्वेच्या लहान लायनीवर गँगमध्ये होता. पंधरा-पंधरा दिवस तो तिकडे नैनपूरच्या बाजूला असायचा, आणि घरात मी आणि सासू. सासूला मी मामी म्हणे, आमच्याकडे तसंच म्हणतात. मामी काटक, बोलायला तिखट. अक्षर एक येत नव्हतं, पण धम्मदीक्षा घेतल्यापासून संध्याकाळची वंदना तिनं एक दिवस चुकवली नव्हती. मला ती म्हणायची, "सातवी पास हायेस, मंग चूल काहून धुपून राह्यली तुही?"

त्या साली रोवणीपुरता पाऊस छान झाला. धानाच्या बांध्या हिरव्यागार झाल्या, आणि आम्ही चिखलात कमरेतून वाकून गाणी म्हटली. पोळा झाला आणि पाऊस गेला तो गेलाच. आमच्या टोल्यानं जुने सण सोडले होते, पण पावसाचं मोजमाप अजून सणांवरूनच चालायचं. दसरा आला, दिवाळी आली. धान पोटरीत आलं होतं ते पोटरीतच वाळलं. लोंबी बाहेर पडलीच नाही. रात्रभर ढग दिसायचे आणि सकाळी आभाळ धुतल्यासारखं कोरडं असायचं. शेवटी बांध्यांत बैल सोडले, तेही दोन घास खाऊन उभे राहिले. बैलानं धानाच्या बांधीत तोंड फिरवलेलं मी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच साली लामत्याच्या बाजारात विजेचे नवे खांब उभे राहिले. आम्ही बाया मुद्दाम बघायला गेलो होतो. दुकानातला बल्ब लागला, लाल झाला, तसाच लालसर राहिला आणि थोड्या वेळानं विझला. दुकानदार म्हणाला की कुठल्याशा धरणात पाणीच नाही, तर वीज कुठून येणार. पाण्यापासून दिवा लागतो हे मामीला काही पटेना. पण परत येताना ती म्हणाली की असं असेल तर पाणी आणि उजेड सख्खे भाऊ म्हणायचे, एक रुसला की दुसराही येत नाही. आम्ही सगळ्या हसलो. तेव्हा अजून हसू येत होतं.

माघ उजाडेपर्यंत गावातल्या मोठ्या विहिरीनं तळ दाखवला. आमच्या टोल्याची विहीर लहान होती. दीक्षेनंतरच्या वर्षी टोल्यातल्या माणसांनी ती स्वतःच्या हातांनी खणलेली. त्याआधी गावच्या विहिरीवर कुणी पाणी वाढेल म्हणून आमच्या बाया गुंड्या, म्हणजे घागरी, घेऊन तासन्‌तास उभ्या राहायच्या. मामी त्यातलीच एक. म्हणून त्या विहिरीवर तिचा जीव. दोर तिच्याच घरी असायचा, आणि दुष्काळात घरटी दोन गुंड्या हा नियमही तिनंच घातला. नियम म्हणजे नियम. मी तिची सून, पोटुशी, चौथा महिना. तरी मला तिसरी गुंडी मिळाली नाही. लोक स्टेशनावर जाऊन इंजिनातून गळणारं गरम पाणी धरायचे, त्याला तेलाचा वास यायचा. आम्ही तेही आणून निववून वापरलं.

पोटाला काय, तर मोह. धान नाही म्हटल्यावर सगळ्या जंगलकाठाची नजर मोहाकडे लागली. आमच्या घराचं एक झाड होतं, नाल्याच्या अलीकडे, जंगल सुरू होतं तिथे. मोहाची झाडं कागदावर कुणाची का असेनात, कुठलं झाड कुणी वेचायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. नाल्यापलीकडचं झाड फगनीचं होतं. फगनी गोंडीण, मामीच्याच वयाची, नाल्याच्या त्या काठावर तिचं एकटीचं घर. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन बिरसा गावी. आमच्यातल्या पाण्याच्या जुन्या भानगडीत ती कधी पडली नाही. तिच्या झिऱ्यावर मामी पूर्वीपासून पाणी भरायची, आणि दोघी तिथेच बसून तंबाखू मळायच्या. एक मराठी बोलायची, एक हिंदी, आणि दोघींचं सगळं दोघींना कळायचं.

मोह पहाटे गळतो. खाली पाचोळा असेल तर फूल त्यात हरवतं, वेचायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून फुलं गळायला लागण्याआधी झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करायची, अशी तिकडची रीत. पण त्याला वेळ आहे. पहाटे, दव असताना. वरचा पाला तेवढा धुमसत जळतो, आणि आग दवाच्या ओलीपुढे जात नाही. मामीनं मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: "आधी तळहात टेक पाल्यावर. वल्ला झाला तं काडी वढ. कोरडा राह्यला तं मुकाट्यानं घरी ये." सातवीपर्यंतच्या कुठल्याच पुस्तकात इतकं सोपं काही नव्हतं.

त्या वर्षी दव पडत नव्हतं. आता हे वाक्य लिहायला किती सोपं आहे. तेव्हा मात्र ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण जे पडत नाही त्याचा आवाज होत नाही. पाऊस नाही हे सगळ्यांना कळतं. दव नाही हे कोण बघतं?

त्या पहाटे विहिरीवर वाटपाला उभं राहायची पाळी मामीची होती. झाडाखालचा पाला अजून जाळायचा राहिला होता आणि फुलं गळायला लागली होती. मी म्हटलं, मी जाते. एकटी मी कधी गेले नव्हते. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि काड्याची पेटी दिली. वाटेत तहान लागेल म्हणून मी तुंबा भरून घेतला, आमच्याकडे दुधीभोपळा वाळवून करतात तो. तो जुना होता. बुडाशी केसाएवढी चीर गेलेली, हे मला ठाऊक नव्हतं. तळव्यावर त्याचं बूड धरून मी अंधुक उजेडात चालत होते. भीती अस्वलाची वाटत होती. मोहाला अस्वलं येतात. झाडाखाली पोचले तेव्हा फुलांचा वास इतका होता की उपाशी पोटी घेरी आली. तुंबा मुळाशी ठेवला आणि सांगितल्याप्रमाणे वाकून तळहात पाल्यावर टेकवला. उचलून पाहिला. ओला होता.

मी काडी ओढली.

पहिली थोडी आग शहाण्यासारखी चालली. मग ती झाडाच्या सावलीबाहेर गेली आणि थांबली नाही. मी डहाळी तोडून झोडपायला लागले. तुंब्यातलं पाणी ओतावं म्हणून धावले, तर तुंबा हलका लागला, आणि त्याखालची माती ओली होती. तेव्हा मला कळलं की माझ्या हाताला लागलेलं पाणी कुठलं होतं. त्या सगळ्या रानात ओलं असं एकच काही होतं, आणि ते मीच घरून नेलं होतं.

सूर्य वर आला, वारा सुटला. आगीनं कोरडा नाला एका उडीत ओलांडला. सरईच्या झाडांचा पाला असा पेटत होता की पावसात छपरावर वाजतं तसा आवाज येत होता. मी ओरडत टोल्याकडे पळाले. मामी विहिरीवर होती. तिनं धूर पाहिला, मला पाहिलं, आणि विचारलं, "हात टेकवला होता?" मी म्हटलं, "हौ. वल्ला झालता." तिची नजर माझ्या हातातल्या तुंब्यावर गेली. बुडातून थेंब अजून गळत होता.

तिनं दोर सोडला. ज्या विहिरीतून सुनेला तिसरी गुंडी दिली नव्हती, तिच्यातून तिनं सगळ्या टोल्याला पाणी उपसायला लावलं. गावातले लोकही आले, जे आमच्या विहिरीकडे कधी फिरकले नव्हते तेही. हातोहात गुंड्या नाल्यापलीकडे गेल्या. तिकडची पाच-सहा घरं वाचली. फगनीचं नाही वाचलं, ते सगळ्यांत कडेला होतं. ती स्वतः बाहेर होती, बकरी सोडून दिली होती. पण घरात तणसाच्या दोरानं बांधलेली ढोली, धानाची कोठी, होती, आणि ढोलीत पुढच्या पेरणीचं बियाणं. सबंध हिवाळा तिनं कंदमुळं उकडून खाल्ली, पण त्या धानाला हात लावला नव्हता. ते जळताना लाह्यांचा वास आला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची लाज मला आजतागायत वाटते.

दुपारपर्यंत आग पुढे डोंगराकडे निघून गेली. विहिरीत चिखल राहिला. मग जंगलखात्याचा नाकेदार आला. काजळीनं त्याचा चेहरा काळा झाला होता, त्या महिन्यात त्यानं कितवी आग पाहिली होती कोण जाणे. आग कुणी लावली, असं त्यानं विचारलं. सगळे उभे होते. फगनी उभी होती, राखेनं पाय माखलेले. माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण आवाज यायच्या आत मामी पुढे झाली. "म्या लावली. काडी माह्या हातची."

ती पहाटेपासून विहिरीवर होती हे टोल्यातल्या बायांना ठाऊक होतं, पण एकीनंही ते बाहेर काढलं नाही. त्यानं लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला आणि निघून गेला. पुढे त्याचं काही झालं नाही, तेव्हा आगी फार होत्या. घरी आल्यावर मी तिच्या पाया पडून रडायला लागले, तर तिनं मला उठवलं. माझ्या पोटात जीव आहे, तिला म्हातारीला नेऊन काय करणार होते, असं काहीसं ती म्हणाली आणि चुलीशी गेली. मग पाठमोरीच बोलली, "फगनीले सांगशीन नोको. तिले अजून इथंच राहायचं हाय, अन्‌ तुलेबी."

त्या संध्याकाळी वंदनेला बसलो. पंचशील म्हणताना तिसऱ्यापर्यंत तिचा आवाज माझ्या आवाजाबरोबर होता. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे ती थांबली. माझा एकटीचा आवाज पुढे गेला आणि मलाच ऐकू आला. पाचव्याला ती पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मीही चौथ्याला गप्प राहिले. दोघी थांबायचो, एक श्वास जाईल एवढा वेळ, आणि पुढे जायचो. शेजारणीला वाटलं असेल, म्हातारी दमली.

विहिरीत झरा येईपर्यंत आठ-दहा दिवस गेले, आणि त्यानंतर घरटी एकच गुंडी. टोल्यात थोडी कुरकुर झाली. मामीनं ती ऐकून घेतली. नाल्याकाठी फगनीनं चार काठ्यांवर पळसाचा पाला टाकून आडोसा केला होता, आणि तिचा झिरा केव्हाच आटला होता. मामी रोज उन्हं तापायच्या आत तांब्या घेऊन तिच्याकडे जायची. मला वाटायचं, घरातल्या गुंडीतलं देते. वैशाखात माझ्या लक्षात आलं की त्यासाठी गुंडी जास्तीची रिकामी होत नाही. मामी माझ्यासमोर तांब्या तोंडाला लावायची, गिळल्यासारखं करायची आणि बाजूला ठेवायची. स्वतःच्या वाटणीचं पाणी ती नेऊन देत होती. मी भांडले. ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. हेही खोटंच होतं.

जेठात वैनगंगेच्या वाळूत झिरे खणून पाणी मिळतं असं कळलं. नदी दीड कोसावर. मी अवघडलेली, म्हणून ती गेली, दोन बायांबरोबर. परत आली ती त्यांच्या खांद्यांवर. भरलेली गुंडी मात्र त्यांनी सांडू दिली नव्हती. लू, उन्हाची झळ, लागली होती. अंग तव्यासारखं, डोळे उघडे पण कुठेच नाहीत. कुणी कांदा फोडला, कुणी कैरी उकडायला ठेवली. मी त्या गुंडीतच हात बुडवला आणि तिच्या कपाळावर ठेवला. पुन्हा बुडवला, पुन्हा ठेवला. खूप वेळानं तिची नजर माझ्यावर आली. ओळखीची, नेहमीची, चूल का धुपते विचारणारी.

"हात वल्ला हाय तुहा," ती म्हणाली. "पदराले पूस आधी."

त्यानंतर ती बोलली नाही. दिवस मावळायच्या आधी गेली. बाया म्हणाल्या, बरळत होती बिचारी. मी मान हलवली.

पाऊस पंधरा दिवसांनी आला आणि असा आला की जणू काही झालंच नव्हतं. मला त्याचा राग आला. मी आमच्या बियाण्यातलं अर्धं धान टोपलीत घालून फगनीकडे गेले. मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते हिंदीतही करून ठेवलं होतं, तिला नीट कळावं म्हणून. तिनं टोपली घेतली, दाणे मुठीत घेऊन पाहिले. मग म्हणाली, "तुम्हारी सास ने खुद आके बोला था, फगनी, मेरे हाथ से हुआ. ऐसा कौन बोलता है? वो औरत झूठ नहीं जानती थी." माझं वाक्य तिथेच राहिलं. ते सांगितलं असतं तर फगनीच्या हातून मामीवरचा हा विश्वासही गेला असता, घर आणि धान गेलं तसाच. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी भ्याले होते.

श्रावणात मुलगा झाला. तो मोठा झाला, बालाघाटला नोकरीला लागला, आणि त्याच्याबरोबर मीही इकडे आले. इथे नळाला पाणी येतं, बटण दाबलं की दिवा लागतो. दिवा गेला की नळही जातो, तेव्हा मला ते दोन सख्खे भाऊ आठवतात. फगनी पुष्कळ जगली. मी दरवर्षी जायचे, तिच्यासाठी तंबाखू न्यायचे. दरवर्षी वाक्य तयार असायचं, आणि दरवर्षी ती मामीचीच आठवण काढायची. परवाच्या पावसाळ्यात ती गेली. आता ज्याला सांगायचं असं कुणी उरलं नाही, म्हणून हा कागद. कागदाला सांगून चौथं शील पाळलं जातं का, मला माहीत नाही. संध्याकाळी वंदनेत सून, नातू, सगळे पाचही शीलं घडाघड म्हणतात. चौथ्याला एक आवाज कमी असतो, तो अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही.

काल गावी जाऊन आले. आमचं झाड अजून आहे, एका अंगानं जळलेली साल घेऊन उभं. पहाटे गेले होते. पुतण्याची बायको बरोबर होती, तिनं कमरेची काड्याची पेटी काढली. मी म्हटलं, थांब. हात पदराला पुसला. दोन्ही बाजूंनी, बोटांच्या मधूनसुद्धा. मग पाल्यावर टेकवला आणि उचलून पाहिला. दव होतं. भरपूर होतं, सगळा तळवा भिजला होता.

मी तिच्या हातातून पेटी काढून घेतली आणि झाडू मागितला.